नकाराचं बटण

‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं एक ॲप होतं. फोनचा दिवा लावायचा, एवढंच त्याचं काम. कोट्यवधी अँड्रॉइड फोनांवर ते उतरवलं गेलं होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली तेव्हा कळलं, की हे ॲप फोन कुठे आहे ते ठिकाण आणि फोनचा ओळखक्रमांक जाहिरातींच्या जाळ्यांना पाठवत होतं. ॲप पहिल्यांदा उघडलं की अटींचा मजकूर येई आणि त्याखाली ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ अशी दोन बटणं असत. पण बटणाला बोट लागण्याआधीच माहिती निघालेली असे. डिसेंबर २०१३मध्ये कंपनीने तडजोड केली आणि प्रकरण मिटलं.

इंटरनेटवरच्या खासगीपणाबद्दल गेल्या तीस वर्षांत जे बोललं गेलं ते वाचताना मला हे जुनं प्रकरण पुन्हा पुन्हा आठवतं. सॉफ्टवेअरची रोजची कटकट हा ग्राहकांचा विषय मानला जातो, खासगीपणा वकिलांचा आणि निनावीपणा पोलिसांचा. तिन्ही विषयांवर वेगवेगळी माणसं बोलतात आणि एकमेकांचं फारसं ऐकत नाहीत. माझ्या मते हे तिन्ही वाद एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. वापरणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येतं का, आणि म्हटलं तर ते मानलं जातं का?

कटकटीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. कुकीचा जन्म १९९४चा. नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ती तयार केली, ती वेबसाइटला आपला पाहुणा लक्षात राहावा आणि खरेदीसाठी निवडलेल्या वस्तू पुढच्या पानावर जाताना हरवू नयेत म्हणून. पुढे जाहिरात कंपन्यांनी ओळखलं, की आपली जाहिरात हजार साइटवर असेल तर त्या हजारही ठिकाणी तोच माणूस ओळखता येतो. युरोपीय संघाचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ला लागू झाला आणि न विचारता माग काढणं अवघड झालं. मग साइटसाइटवर परवानगीच्या चौकटी उगवल्या. कायद्यानेच इंटरनेट त्रासदायक केलं, असं तेव्हापासून पुष्कळ लोक म्हणतात. मला ते पटत नाही. नकार कंटाळवाणा केला की माणूस थकून होकार देतो, हा हिशेब कायद्याचा नव्हता, चौकट आखणाऱ्यांचा होता. फ्रान्सच्या माहिती संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. कुकी स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, हे बेकायदा ठरवून त्याने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला. काही महिन्यांतच गुगलने युरोपात ‘सगळं नाकारा’ असं बटण दिलं. म्हणजे ते देणं अशक्य कधीच नव्हतं.

अशा फसव्या रचनांचा अभ्यास ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१०मध्ये सुरू केला. ‘डार्क पॅटर्न’ हे नाव त्यांचंच. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे १३ प्रकार नोंदवले. खोटी घाई लावणं, न मागता टोपलीत वस्तू सरकवणं, नकार देणाऱ्याला ओशाळं वाटेल अशी भाषा वापरणं, वर्गणी सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं, एकाच गोष्टीसाठी सतत पिच्छा पुरवणं, हे सगळं त्यात आहे. यादी चांगली आहे. अंमलबजावणीबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. जून २०२५मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतःच करायला सांगितलं. ज्याने सापळा लावला त्यालाच सापळा शोधायला सांगून फार काही हाती लागणार नाही. अमेरिकेतला अनुभव त्याच्या उलट आहे. लोकांना नीट न विचारता प्राइमचं सदस्य करून घेणं आणि बाहेर पडण्याची वाट अवघड ठेवणं, या आरोपांवर ॲमेझॉनने सप्टेंबर २०२५मध्ये २.५ अब्ज डॉलरची तडजोड केली. सदस्यत्व रद्द करण्याच्या त्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत ‘इलियड’ म्हणत. होमरच्या महाकाव्याचं नाव तिला द्यावंसं वाटलं, यावरून ती किती लांब आहे हे आतल्यांना पुरतं ठाऊक होतं, असं दिसतं.

विंडोज ११ बसवताना मायक्रोसॉफ्टचं खातं उघडायला लावणं, संगणकाच्या पडद्याची चित्रं सतत टिपून ठेवणाऱ्या ‘रिकॉल’ची मे २०२४मधली घोषणा, ही त्याच वळणाची उदाहरणं आहेत. रिकॉलवर इतकी टीका झाली, की कंपनीने ते लांबणीवर टाकलं आणि वापरणाऱ्याने स्वतः सुरू केलं तरच चालेल असं केलं. टीकेचा उपयोग होतो, हे लक्षात ठेवावं.

सरकारही याच मार्गाने जातं. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस मोबाइल कंपन्यांना ‘संचार साथी’ हे ॲप नव्या फोनांमध्ये आधीच बसवायला सांगितलं, आणि त्याची कामं बंद पाडता येऊ नयेत अशीही अट घातली. ॲपचा हेतू वाईट नाही. चोरीचा फोन शोधणं, आपल्या नावावर दुसऱ्या कोणी सिम घेतलंय का ते पाहणं, याची गरज खरी आहे. लोकांचा आक्षेप होता तो सक्तीवर. विरोध वाढताच ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. ॲप आजही आहे, हवं त्याने घ्यावं. एवढंच तर लोक मागत होते.

आता खासगीपणा. याबद्दलचं सर्वांत जुनं मत म्हणजे तो संपलाच आहे, आता रडून उपयोग नाही. सन मायक्रोसिस्टिम्सचे स्कॉट मॅकनीली यांनी १९९९मध्ये तसं म्हटलं होतं. दुसरं मत, कोणाला कळू नये असं काही असेल तर ते करूच नये. गुगलचे एरिक श्मिट २००९मध्ये या अर्थाचं बोलले. तिसरं, समाजाच्याच सवयी बदलल्या, लोक आपणहून सांगतात. फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनी २०१०मध्ये हा सूर लावला. ही मतं मांडणारे सगळेच तंत्रज्ञान कंपन्यांचे प्रमुख होते हा योगायोग नाही, पण तेवढ्यावरून त्यांना उडवून लावणंही बरोबर नाही. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे आपल्याकडेही घरोघरी ऐकू येतं, आणि म्हणणारी माणसं प्रामाणिकपणे म्हणतात.

त्यांच्यासाठी उत्तर ऑगस्ट २००६मध्ये मिळालं. एओएल कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी तीन महिन्यांत शोधलेले शब्द खुले केले. नावं काढून त्या जागी आकडे घातले होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी एका आकड्यामागचे शब्द लावून पाहिले. आडनाव, गाव, दुखणी, कुत्र्याच्या सवयी. आणि ते जॉर्जिया राज्यातल्या एका वृद्ध बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. बाईंनी काहीच वावगं केलं नव्हतं. आजारपणांबद्दलचे पुष्कळसे शब्द तर त्यांनी मैत्रिणींसाठी शोधले होते. त्याआधी २०००मध्ये लतान्या स्वीनी यांनी दाखवून दिलं होतं, की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पोस्टल क्रमांक एवढ्यावरून अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना बहुधा एकेकटं ओळखता येतं. नाव पुसलं म्हणजे माणूस पुसला गेला, ही समजूत तेव्हाच खोटी ठरली. लपवण्यासारखं काही असणं हा मुद्दाच नाही. तुकड्यातुकड्यांनी दिलेली माहिती जोडून तयार होणारं चित्र आपल्याला कधी दाखवलं जात नाही आणि त्यातली चूक दुरुस्तही करता येत नाही, हा मुद्दा आहे.

भारतात या वादाला कायद्याचा पाया मिळाला २४ ऑगस्ट २०१७ला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारने त्याआधी असा हक्क राज्यघटनेत नाहीच अशी बाजू मांडली होती. निकाल मोठा, पण दुकानाच्या काउंटरपर्यंत तो पोहोचायला वेळ लागतो. बिल करताना मोबाइल नंबरची सक्ती नको, अशी सूचना ग्राहक मंत्रालयाला मे २०२३मध्ये काढावी लागली, आणि आजही नंबर दिल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही असं सांगणारी मुलं काउंटरवर भेटतात. ती खोटं बोलत नसतात. बिलाचं सॉफ्टवेअरच तसं केलेलं असतं. नंबर मागणारा आणि रचना ठरवणारा वेगळा असतो, म्हणून काउंटरवरच्या मुलाशी भांडून काही होत नाही.

फुकट सेवा हवी तर माहिती द्यावीच लागेल, असं एक व्यवहारी मत आहे. लोकांनी हा सौदा समजून-उमजून केला असं त्यात गृहीत धरलेलं असतं. एप्रिल २०२१मध्ये ॲपलने आयफोनवर एक साधा प्रश्न आणला: या ॲपला तुमचा इतर ॲप आणि साइटवर माग काढू द्यायचा का? हो आणि नाही, दोन्ही बटणं सारखीच सोपी. मोठ्या संख्येने लोकांनी नाही म्हटलं. २०२२च्या सुरुवातीला मेटा कंपनीने अंदाज दिला, की या बदलाने त्या वर्षात सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल. ॲपलचा स्वतःचा स्वार्थ त्यात नव्हता असं मी म्हणणार नाही. पण सरळ विचारलं तर लोक काय सांगतात ते कळलं, आणि सौदा मान्य असल्याच्या दाव्यात तेवढ्या प्रमाणात तथ्य नव्हतं हेही कळलं.

निनावीपणाचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. इथे ‘नाही’ म्हणणारा माणूस आपलं नावच देत नाही, आणि नाव न देता लोक दुष्टपणाही करतात.

मराठी वाचकाला टोपणनावाचं नवल वाटू नये. १८४१मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ अशा सहीने इंग्रजी राज्याच्या लुटीवर कडक टीका करणारी पत्रं छापून आली. ती भास्कर पांडुरंग तर्खडकरांची होती. १८४८पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, आणि आपल्याच समाजाच्या रूढींवर घाव घालत होते. खऱ्या नावाची सक्ती असती तर हे लेखन त्या वेळी, त्या धारेने आलं असतं का, याची मला शंका आहे. मात्र त्या व्यवस्थेत एक कडी होती. वाचकाला नाव ठाऊक नसलं तरी छापणारा माणूस समोर होता. जून १८९७मध्ये ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता भवानी तलवारीच्या खुणेने सही करून आली, आणि त्यावरून झालेल्या खटल्यात टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. छापणाऱ्याने जबाबदारी घ्यायची ती या थरापर्यंत.

इंटरनेटने ही मधली कडी बदलली. फिनलंडमधले योहान हेल्सिंगियस १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून एक सेवा चालवत होते. पाठवणाऱ्याचं नाव काढून ती ईमेल पुढे पाठवी. छळ सोसलेली, आजारी, नोकरी जाण्याच्या भीतीत असलेली माणसं तिच्या आधाराने बोलत. पण कुठला आकडा म्हणजे कोण, याची यादी त्यांच्या संगणकावर होती. चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या तक्रारीवरून १९९५मध्ये पोलिसांनी त्यातलं एक नाव त्यांच्याकडून मिळवलं. दुसऱ्या मागणीनंतर ऑगस्ट १९९६मध्ये त्यांनी सेवाच बंद केली. माणूस सच्चा होता. तरी यादी जिथे असते तिथे ती मागायला कोणीतरी येतंच.

या अनुभवाच्या पुढचं उत्तर म्हणजे यादीच न ठेवणं. निनावीपणे इंटरनेट वापरू देणाऱ्या टॉर या जाळ्याची कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात निघाली. संदेश तीन मुक्कामांवरून जातो, आणि कोणत्याही एका मुक्कामाला पाठवणारा आणि पोहोचण्याचं ठिकाण, दोन्ही कळत नाहीत. सिग्नल या संदेश-ॲपने २०२१मध्ये अमेरिकी न्यायालयाच्या आदेशाला दिलेलं उत्तर जाहीर केलं. खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढ्या दोनच वेळा ते देऊ शकले. बाकी काही त्यांच्याकडे नव्हतंच.

सरकारं नेमकी उलट दिशेने जातात, आणि त्यांची बाजू नीट ऐकली पाहिजे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवांनी वातावरण पेटलेलं होतं. देशभर अशा घटना घडत होत्या. अफवेचा पहिला पाठवणारा कोण हे कळलंच पाहिजे, ही मागणी या रक्तातून आली, आणि फेब्रुवारी २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ती उतरली. व्हॉट्सॲपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. मला कंपनीबद्दल ममत्व नाही. तरी या मुद्द्यावर तिचं म्हणणं बरोबर आहे. उद्या कोणता संदेश गुन्ह्यात निघेल हे आज ठाऊक नसतं, म्हणून एकाचा माग ठेवायचा तर सगळ्यांचाच ठेवावा लागतो. शिवाय राईनपाड्यात मारणारे निनावी नव्हते. भर दिवसा, उघड्या तोंडाने त्यांनी मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे ढकलता येईल असा बदल केला, आणि कोणाचंही नाव न विचारता अफवेचा वेग कमी करायची एक वाट दिसली.

खऱ्या नावाची सक्ती करून बघितलेला देश म्हणजे दक्षिण कोरिया. २००७पासून तिथे मोठ्या साइटवर मत लिहायला राष्ट्रीय ओळखक्रमांक पडताळून घ्यावा लागे. शिवीगाळ फारशी घटली नाही. साठा मात्र झाला. जुलै २०११मध्ये नेट आणि सायवर्ल्ड या साइटमधून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. एप्रिल २०२२मध्ये आपल्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने, इंटरनेटवरचा वावर झाकणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नावापत्त्यांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा कोरियाचा धडा समोर होता. नॉर्डव्हीपीएन, एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले.

निनावी छळाने सर्वांत जास्त पोळतात त्या बाया. ‘नाव उघड करा’ असं त्यांनी म्हणणं अगदी स्वाभाविक आहे. त्यांना उत्तर देताना मी दोन प्रकरणं पुढे ठेवीन. मुस्लिम महिलांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ‘सुल्ली डील्स’ जुलै २०२१मध्ये आणि ‘बुल्ली बाई’ १ जानेवारी २०२२ला आली. दोन्हींचे कर्ते निनावी. पहिल्या प्रकरणात सहा महिने एकही अटक झाली नाही. दुसऱ्यात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने त्याच आठवड्यात बंगळूर आणि उत्तराखंडातून संशयितांना ताब्यात घेतलं, आणि मग पहिल्या प्रकरणातही अटक झाली. निनावीपणा दोन्हीकडे सारखाच होता, फरक तपास करायच्या इच्छेत पडला. उलट २०१२च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींनी मुंबई बंदवर फेसबुकवर मत मांडलं आणि त्याला पसंती दिली, ती स्वतःच्या नावाने. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या अटकेसारख्या घटनांवरून श्रेया सिंघल यांनी याचिका केली आणि २४ मार्च २०१५ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द झालं. नावाने बोलणाऱ्याचं संरक्षण करता येत नसेल, तर निनावी बोलणाऱ्याला नाव विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. गुन्हा घडला, न्यायालयाने आदेश दिला, त्या एकाचा शोध घ्या. सगळ्यांची यादी आधीच करून ठेवू नका. माझा कौल असा आहे.

आपल्या हातात आता डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. तो ऑगस्ट २०२३मध्ये झाला आणि नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर आणखी १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यात मोठी भगदाडं आहेत. सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून वगळू शकतं, आणि माहिती अधिकाराच्या ८(१)(ञ) कलमातली जनहिताची वाट त्याने अरुंद केली आहे. गावोगावच्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांचा त्याला असलेला विरोध रास्त आहे. पण दोन तरतुदी मोलाच्या आहेत. दिलेली संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. आणि संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही, मिळाली पाहिजे. उल्लंघनाला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

हा कायदा परदेशी कंपन्यांपुरता नाही. संगणकावर माहिती ठेवणारी पतसंस्था, शाळा, रुग्णालय, पाहुण्यांचे फोटो काढणारी गृहनिर्माण सोसायटी, सगळे त्यात येतात. तुम्ही अशा एखाद्या संस्थेच्या समितीवर असाल तर पुढच्या बैठकीत तिचा फॉर्म टेबलावर ठेवा. जन्मतारीख कशाला हवी, आधारची प्रत कोणाच्या फोनमध्ये पडून आहे, पाहुण्याचा नंबर किती दिवस ठेवायचा, हे विचारा. ज्या रकान्याचं कारण सांगता येणार नाही तो खोडून टाका, आणि साठलेली जुनी माहिती पुसायची तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.